यादीत नसलेला जिल्हा

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपल्याला दिल्ली आठवते. फार तर डिसेंबरातली मुंबई, नाहीतर संध्याकाळी सातचा हिंजवडीचा रस्ता. भंडारा कुणाला आठवत नाही. आठवणार तरी कसं, ते नेमकं कुठे आहे इथूनच सुरुवात करावी लागते. (नागपूरहून पूर्वेला साधारण साठ किलोमीटर, वैनगंगेच्या काठी. धानाचा आणि तलावांचा जिल्हा, आणि पितळेच्या भांड्यांसाठी जुनं नाव असलेलं शहर.)

तरीही, गाड्या स्वच्छ केल्या की हवा सुधारते का आणि सुधारली तर कुणाची, हे आपल्या देशापुरतं समजून घ्यायचं असेल तर दिल्लीत उभं राहून फारसं काही कळत नाही, असं माझं मत झालंय. दिल्लीची गोष्ट बहुतेकांना पाठ आहे. एम. सी. मेहतांची याचिका, सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा आदेश, बसगाड्या डिझेलवरून सीएनजीवर. छान गोष्ट आहे, पण ती राजधानीची आहे. राजधानीच्या बाहेर काय झालं ते भंडाऱ्यासारख्या ठिकाणाहून बघितलं की जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून या वीकांताला भंडारा.

रस्ता आणि कारखाना

भंडाऱ्यावरून जाणारा रस्ता साधासुधा नाही. हजिऱ्याहून कोलकात्याला जाणारा हा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले आणि कागदोपत्री तो ५३ झाला, पण बोलताना लोक अजून 'एनएच सिक्स'च म्हणतात. सुरत, धुळे, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा आणि पुढे रायपूर, संबळपूर. भिलाई-रायपूरकडचं पोलाद पश्चिमेला आणि पश्चिमेकडचा तयार माल पूर्वेला. त्यात जिल्ह्याचा स्वतःचा माल आहेच. तुमसरकडच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला खाणींतलं मँगनीज, वैनगंगेची रेती, राईस मिलमधला तांदूळ, वरठीच्या कारखान्यातलं पोलाद. यातलं काहीही स्कूटरवर जात नाही. रस्त्याने जायचं तर ट्रक, टिप्पर नाहीतर ट्रॅक्टर-ट्रॉली. म्हणजे सगळं डिझेल.

गंमत म्हणजे याच रस्त्यावर, भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना, गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो तिथे आहे आणि त्याची मुख्य ओळख म्हणजे ट्रक-बसचे गिअरबॉक्स. आता गिअरबॉक्सचा आणि धुराचा काय संबंध, असं वाटेल. पण आहे. भरलेला ट्रक चढावर वरच्या गिअरमध्ये तसाच रेटला की इंजिन दमतं, सिलिंडरमध्ये डिझेल जास्त आणि हवा कमी अशी अवस्था होते, आणि अर्धवट जळलेलं इंधन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतं. जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलणं हीच एक कसरत होती. क्लच दोनदा दाबा, वेग जुळवा, मग कुठे दांडा बसणार. दिवसातून शेकडो वेळा कोण करणार? ड्रायव्हर शक्यतो टाळायचाच. सिंक्रोमेश गिअरबॉक्स आला आणि हे काम सोपं झालं. गडेगावला हेच सिंक्रोमेश गिअरबॉक्स बनतात.

म्हणजे बघा, ट्रकचा एक महत्त्वाचा अवयव जिल्ह्यात तयार होतो आणि देशभरचे ट्रक जिल्ह्यातून जातात. असं असूनही स्वच्छ ट्रक आणि स्वच्छ डिझेल या जिल्ह्यात पोचलं ते सगळ्यात शेवटच्या फेरीत. का? त्याचं उत्तर इंजिनात नाही, याद्यांमध्ये आहे.

अर्धी गाडी पंपावर असते

त्याआधी थोडं रसायनशास्त्र. (घाबरू नका, एकच मूलद्रव्य आहे.)

कच्च्या तेलात गंधक असतं आणि ते काढून टाकलं नाही तर डिझेलमध्ये उतरतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग. हे गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, त्यातला काही भाग सल्फेटचे बारीक कण होऊन फुप्फुसात खोलवर जातो. पण खरी अडचण पुढची आहे. धूर स्वच्छ करणारी जी उपकरणं सायलेन्सरच्या वाटेवर बसवतात, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कण अडवणारे फिल्टर वगैरे, त्यांना गंधक सोसत नाही. त्यांचा पृष्ठभाग निकामी होतो. पेट्रोलच्या गाड्यांत हेच काम शिसं करायचं. शिसं असलेलं पेट्रोल एकदा जरी सवयीने भरत राहिलात तर कन्व्हर्टर गेलाच म्हणून समजा.

याचा सरळ अर्थ असा की स्वच्छ गाडी म्हणून जी वस्तू आपण शोरूममधून आणतो, ती अर्धीच असते. उरलेली अर्धी पेट्रोल पंपावर असते. पंप मागासलेला असेल तर गाडी कितीही आधुनिक असो, उपयोग नाही. आणि पंपावर काय मिळणार हे ठरतं रिफायनरीत, आणि रिफायनरीने काय पाठवायचं हे ठरतं सरकारी अधिसूचनेत. तिथे आपल्या याद्या सुरू होतात.

पाच आकडे

१९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. देशभर शिसं पूर्ण बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. २००० मध्येच 'इंडिया २०००' हे मानक, म्हणजे जवळपास युरो १, देशभर आलं. त्यानंतरचं, भारत स्टेज २, मुंबईत जानेवारी २००१ मध्ये लागू झालं.

याच सुमारास, सप्टेंबर २००१ मध्ये, केंद्र सरकारने एक तज्ज्ञ समिती नेमली. अध्यक्ष होते डॉ. रघुनाथ माशेलकर, तेव्हाचे सीएसआयआरचे महासंचालक. प्रश्न असा होता की देशाने कुठलं इंधन आणि कुठलं मानक कधी स्वीकारायचं. दिल्लीत सीएनजीवरून रणकंदन चाललं होतं. समितीचं म्हणणं होतं की सरकारने इंधन निवडू नये, धुराची मर्यादा ठरवावी, ती कशी गाठायची ते कंपन्या बघतील. सुप्रीम कोर्टाने दिल्लीपुरतं ते ऐकलं नाही आणि बसगाड्यांचा सीएनजीचा आग्रह कायम ठेवला. पण देशासाठीचा आराखडा मात्र समितीच्याच अहवालातून आला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये तो वाहन इंधन धोरण म्हणून मंजूर झाला.

आराखडा दोन गतींचा होता. निवडक मोठी शहरं एक पायरी पुढे, उरलेला देश एक पायरी मागे. सुरुवातीची अकरा शहरं पुढे तेरा झाली. महाराष्ट्रातली तीन: मुंबई, पुणे आणि सोलापूर. हो, सोलापूर आत आणि नागपूर बाहेर. जिथे नागपूरच बाहेर तिथे भंडाऱ्याला कोण विचारतो!

मी सहज बसून एक छोटा हिशोब केला. प्रत्येक पायरी मुंबईत कधी आली, भंडाऱ्यात कधी, आणि मधलं अंतर किती.

शिसेविरहित पेट्रोल: मुंबई १९९५, भंडारा २०००. पाच वर्षं.
भारत स्टेज २: मुंबई २००१, भंडारा २००५. चार वर्षं.
भारत स्टेज ३: मुंबई २००५, भंडारा २०१०. पाच वर्षं.
भारत स्टेज ४: मुंबई २०१०, भंडारा २०१७. सात वर्षं.
भारत स्टेज ६: मुंबई १ एप्रिल २०२०, भंडारा १ एप्रिल २०२०. शून्य.

(स्टेज ५ कुठे गेली? ती आलीच नाही. त्यावर पुढे.)

आकडे कोरडे वाटतात, म्हणून एकाचा अर्थ सांगतो. २०१० नंतरची सात वर्षं मुंबई-पुण्याच्या पंपांवर ५० पीपीएम गंधकाचं डिझेल होतं आणि यादीबाहेरच्या गावांत ३५० पीपीएमचं. सातपट. पुण्यात घेतलेली स्टेज ४ ची नवी कोरी गाडी घेऊन दिवाळीला विदर्भात गेलेल्या प्रत्येकाने वाटेत हे दुसरं डिझेल भरलेलं आहे. त्याच काळात जी गाडी एमएच-१२ मध्ये, म्हणजे पुण्यात, नवीन म्हणून नोंदवता येत नव्हती ती एमएच-३६ मध्ये, म्हणजे भंडाऱ्यात, बिनदिक्कत नोंदवता येत होती. गाडी तीच, कंपनी तीच, देश तोच.

छोट्या अक्षरातला अपवाद

आता या व्यवस्थेची बाजूही समजून घ्यायला हवी. ती मूर्खपणाची नव्हती. रिफायनरीत गंधक काढण्याचे प्रकल्प उभारायला हजारो कोटी लागतात आणि वर्षं लागतात. देशभर एकाच दिवशी स्वच्छ डिझेल देण्याची ऐपत नसेल तर जे थोडं तयार होतंय ते जिथे जास्त माणसं आणि जास्त गाड्या आहेत तिथे आधी द्यावं, हे कुणालाही पटेल. आम्ही सॉफ्टवेअरवाले तरी वेगळं काय करतो? नवीन व्हर्जन आधी दहा टक्के युजर्सना, मग हळूहळू सगळ्यांना. पण त्यात एक अट असते. दहावरून शंभरावर कधी जायचं याची तारीख ठरलेली असावी लागते आणि ती पाळावी लागते. नाहीतर जुनं व्हर्जन वर्षानुवर्षं प्रॉडक्शनमध्ये पडून राहतं आणि उरलेले नव्वद टक्के युजर्स म्हणजे कुणीच नाही, असं सगळ्यांना वाटायला लागतं. आपल्या पाच आकड्यांत अंतर कमी होत जायला हवं होतं. ते पाच, चार, पाच आणि मग सात झालं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्टेज ४ तेरा शहरांत लागू करताना नियमातच एक अपवाद होता. आंतरराज्य परमिट, नॅशनल परमिट किंवा अखिल भारतीय टूरिस्ट परमिटवर धावणाऱ्या चारचाकी वाहतूक गाड्यांना ते लागू नव्हतं. कारण उघड होतं. मुंबईत नोंदवलेला स्टेज ४ चा ट्रक कोलकात्याला निघाला की वाटेत त्याला स्टेज ४ चं डिझेल मिळणार कुठे? अकोल्याला? भंडाऱ्याला? ते तर यादीबाहेर. अर्धी गाडी पंपावर असते ती अशी.

म्हणजे सगळ्यात जास्त किलोमीटर धावणारी, सगळ्यात जास्त डिझेल पिणारी, रात्रंदिवस महामार्गावर असणारी गाडी नव्या नियमातून बाहेर राहिली, आणि ती जाते कुठून? एनएच सिक्सवरून. एसटीच्या खिडकीत बसून अशा ट्रकच्या मागे अडकलेल्या माणसाला हा अपवाद अधिसूचनेत वाचायची गरज नव्हती, रुमाल नाकाला लावला की समजत होतं.

आणि शहरांचा तरी काय फायदा झाला? तेच ट्रक रात्री मुंबई-पुण्यात माल उतरवायला येत होते. भंडाऱ्याला मागे ठेवल्याची किंमत पुण्यानेही मोजली. धुराला जकातनाक्यावर थांबवता येत नाही.

दोन एप्रिल

हे बदललं ते दोन टप्प्यांत. डॉ. सौमित्र चौधुरी समितीने मे २०१४ च्या अहवालात सांगितलं की स्टेज ४ एप्रिल २०१७ पर्यंत देशभर न्या, पुढच्या पायऱ्या २०२० आणि २०२४ ला. त्यानुसार १ एप्रिल २०१७ ही तारीख आली. तोवर साठवलेल्या स्टेज ३ च्या गाड्यांचं काय, यावर कंपन्या कोर्टात गेल्या. २९ मार्च २०१७ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: १ एप्रिलपासून विक्री आणि नोंदणी बंद. तेव्हा देशात सुमारे ८.२४ लाख अशा गाड्या पडून होत्या. त्यात बहुसंख्य दुचाकी होत्या, पण जवळपास ९७ हजार ट्रक-बससारख्या व्यावसायिक गाड्याही होत्या. ३० आणि ३१ मार्चला दुचाकींवर जी सवलतींची लूट चालली होती ती तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. निकालाचा गाभा असा की लोकांचं आरोग्य कंपन्यांच्या आर्थिक नुकसानापेक्षा मोठं. माझ्या दृष्टीने आणखी एक गोष्ट त्यात घडली: नॅशनल परमिटचा अपवाद संपला, कारण आता यादीच उरली नव्हती.

त्याआधीच, जानेवारी २०१६ मध्ये, सरकारने ठरवलं होतं की स्टेज ५ गाळून थेट ६ वर उडी मारायची, आणि तीही १ एप्रिल २०२० ला सगळीकडे एकदम. दिल्लीला हे इंधन दोन वर्षं आधी मिळालं, पण बाकी बहुतेक देशाला एकच तारीख. गंधक १० पीपीएम. दहा हजारांवरून दहावर.

तो दिवस उजाडला तेव्हा लॉकडाऊन होता. रस्ते जवळजवळ रिकामे. मुंबईतला आणि भंडाऱ्यातला पंप एकाच दिवसापासून नव्या पायरीचं डिझेल विकत होता, आणि ते भरायला गाड्याच नव्हत्या. त्यामुळे या गोष्टीची फारशी बातमी झाली नाही. व्हायला हवी होती.

फरक किती पडला? जड डिझेल इंजिनांसाठी कणांची मर्यादा २००० साली एका किलोवॉट-तासाला ०.३६ ग्रॅम होती. स्टेज ३ ला ती ०.१० झाली, स्टेज ४ ला ०.०२ आणि स्टेज ६ ला ०.०१. म्हणजे २००० सालच्या एका ट्रकला जेवढे कण सोडायची मुभा होती तेवढ्यात आजचे छत्तीस ट्रक बसतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा ८ ग्रॅमवरून ०.४ वर आली, वीसपट कमी. (चाचणीच्या पद्धती मधल्या काळात बदलल्या, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण दिशा आणि प्रमाण हेच.) एवढी मोठी झेप इतक्या कमी वर्षांत फार थोड्या देशांनी घेतलीय. आपण स्वतःच्या यंत्रणेला नावं ठेवण्यात पटाईत आहोत, म्हणून हेही सांगायला हवं.

धूर अजून का दिसतो मग?

कारण मर्यादा नव्या गाडीला असते. ट्रक वीस-वीस वर्षं चालतो. नवा असताना तो लांब पल्ल्याच्या फेऱ्या करतो, मालक बदलत जातो तशा फेऱ्या आखूड होत जातात आणि शेवटी रेती, विटा, धान असा गावाभोवतीचा माल ओढतो. म्हणजे नव्या नियमाचा फायदा आधी महामार्गाला आणि शेवटी गावातल्या रस्त्याला. इथेही जिल्हा शेवटीच.

पीयूसीचा कागद असतोच सगळ्यांकडे. पण डिझेल गाडीची पीयूसी चाचणी धूर किती गडद आहे एवढंच बघते. जुन्या गाड्यांना हार्ट्रिज मापावर ६५ पर्यंत चालतं, स्टेज ४ च्या गाड्यांना ५० पर्यंत. नायट्रोजनची ऑक्साइड्स डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्या यंत्रालाही नाहीत. ट्रॅक्टरची तर गोष्टच निराळी, त्यांच्यासाठी वेगळी मानकं आहेत आणि ती नेहमीच मागून चालत आलीत. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना पुढची पायरी लागू झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर पन्नासच्या आतले असतात.

आणि सगळा धूर गाडीचा नसतोच. थंडीत धानाच्या पट्ट्यात तणस जळते, राईस मिलचा कोंडा जळतो, वीटभट्ट्या पेटतात, घरोघरी चुली आहेत. रेतीचा टिप्पर कितव्या का स्टेजचा असेना, कच्च्या रस्त्यावर धूळ उडवायचीच. स्वच्छ गाडीने यातलं काही सुटत नाही. ती एक वाटा कमी करते, तो वाटा मोठा आहे, इतकंच. त्यापेक्षा जास्त श्रेय दिलं की लोकांचा भ्रमनिरास होतो आणि मग 'काही फरक पडत नाही हो' हे वाक्य ऐकू यायला लागतं.

नवीन यादी

आता विजेच्या गाड्या. एसटीची पहिली विजेवरची 'शिवाई' १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर धावली. याच मार्गावर १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस सुटली होती. मला विजेच्या गाड्यांबद्दल शंका नाही. सायलेन्सरच नाही म्हटल्यावर नाकासमोर धूर नाही, आणि मोटर इंजिनपेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते. पण भंडाऱ्यात उभं राहून बघितलं की दोन प्रश्न पडतात.

पहिला गडेगावचा. विजेच्या मोटरला कमी वेगातही पूर्ण जोर असतो, त्यामुळे सहा-नऊ गिअरचा बॉक्स तिला लागत नाही, बहुतेक वेळा एक साधी कपात पुरते. चाळीस वर्षं ज्या वस्तूने या भागाला नोकऱ्या दिल्या तीच वस्तू उद्याच्या बसला नको असेल. लगेच घाबरण्याचं कारण नाही. सीएनजी, एलएनजी किंवा हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाला गिअरबॉक्स लागतोच, आणि हायड्रोजन जाळणारा ट्रक याच कंपनीने २०२३ मध्ये लोकांसमोर आणला होता. लांब पल्ल्याचे जड ट्रक विजेवर यायला वेळही लागेल. पण तो वेळ तयारीचा आहे. भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये आज शिकणारा मुलगा २०५५ पर्यंत काम करणार आहे. त्याला काय शिकवायचं, हाही स्वच्छ गाड्यांच्याच धोरणाचा भाग आहे, आणि स्वच्छ हवेच्या चर्चेत त्याचं नाव कुणी घेत नाही.

दुसरा प्रश्न तिरोड्याचा. तिरोडा तालुका १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता, मग गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तिथे अदानींचं ३,३०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर ही बाकीची नावं तुम्हाला माहीत आहेत. महाराष्ट्राची कोळशावरची वीज मोठ्या प्रमाणावर विदर्भात तयार होते. म्हणजे पुण्यातली गाडी विजेवर गेली की तिच्या धुराचा काही भाग नाहीसा होत नाही, पत्ता बदलतो.

याला चांगलं उत्तर आहे. हजारो सायलेन्सरपेक्षा एक उंच धुरांडं साफ ठेवणं सोपं, आणि वीज हळूहळू सूर्यावर येतेच आहे. बरोबर. पण धुरांडं साफ ठेवायला हवं ना? डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरली. म्हणजे पुन्हा तेच गंधक. दोन वर्षांची मुदत होती, ती वाढत वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने नवी अधिसूचना काढली आणि गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्याची सक्ती प्रामुख्याने राजधानी क्षेत्राच्या किंवा दहा लाखांहून मोठ्या शहराच्या १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांपुरती ठेवली. अतिप्रदूषित क्षेत्रं आणि मानकांत नापास ठरलेली शहरं यांच्याजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक करून. उरलेल्या, म्हणजे सुमारे चार पंचमांश, केंद्रांना सूट. सरकारचं म्हणणं असं की आपल्या कोळशात गंधक कमी असतं आणि यंत्रणेचा खर्च वीजदरात उतरतो. यावर तज्ज्ञांत वाद आहेत आणि ते व्हावेत.

पण अधिसूचनेची रचना बघा. दहा लाखांचं शहर. नापास शहरांची यादी. ही दुसरी यादी २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात १०२ शहरांपासून सुरू झाली. नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला तिच्यात आहेत, भंडारा नाही. यादीत येण्यासाठी सलग पाच वर्षं मोजमाप होऊन नापास व्हावं लागतं. ज्या गावात हवा मोजतच नाहीत ते नापास कसं होणार? आणि तिरोड्याच्या १० किलोमीटरच्या आत दहा लाखांचं शहर नाही, हे सांगायला नकाशा लागत नाही.

मला कुणाच्या हेतूवर शंका घ्यायची नाही. १९९५ ची यादी करणाऱ्यांचाही हेतू चांगलाच होता, २००३ ची करणाऱ्यांचाही. जिथे माणसं जास्त तिथे आधी, हे गणित प्रत्येक वेळी बरोबर वाटतं. अडचण एवढीच की प्रत्येक वेळी त्याच गणिताने तीच गावं मागे राहतात, आणि तिथून येणारा ट्रक, तांदूळ, वीज आणि धूर मात्र यादी बघून थांबत नाही. डिझेलच्या बाबतीत हे कळायला आपल्याला पंचवीस वर्षं लागली. कळल्यावर एका तारखेला सगळा देश बदलला, रिफायनरी बुडाल्या नाहीत, ट्रक कंपन्याही नाहीत. म्हणजे जमतं.

पाच, चार, पाच, सात, शून्य. तो शून्य फार कष्टाने आलाय. विजेच्या गाड्यांच्या काळातला पहिला आकडा अजून लिहिला जायचाय, आणि तो मोजायला भंडाऱ्यात हवा मोजणारं एखादं यंत्र आधी बसवलं तर बरं होईल.